बंदिवानाच्या पानातला पहिला घास

पूर्वी कांपिल्य नगरीवर सुतेज राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या कारागृहाचा अधिकारी होता. तुरुंगातला स्वयंपाक कैदीच करीत. कोणी जुन्या वैरापायी अन्नात काही कालवले असेल, ही धास्ती तिथे प्रत्येकाला. म्हणून बोधिसत्त्व प्रत्येकाच्या पानातला पहिला घास स्वतः खाई. मग कैदी निर्धास्त जेवत.

त्याच्या हाताखाली वज्जक नावाचा पहारेकरी होता. कामाला चोख, पण मनाने जळका. सुटलेला कैदी बोधिसत्त्वाच्या पाया पडे आणि वज्जकाकडे न बघता निघून जाई. वज्जकाच्या अंगाचा तिळपापड होई. "बेड्या मी ठोकायच्या, पहारा मी करायचा, आणि पाया मात्र त्याच्या पडायचं!" तो बायकोजवळ धुसफुसे. पुढे पुढे तर बोधिसत्त्व नुसता हसला तरी याच्या पोटात दुखे.

त्या राज्यात कायदा होता, की कैदी पळाला तर त्याची शिक्षा अधिकाऱ्याने भोगायची. एका सणाच्या दुपारी बोधिसत्त्व विसाव्याला घरी गेला. वज्जकाने बेड्या सोडल्या, दाराची कडी काढली आणि थेट राजवाडा गाठला. "महाराज, दार उघडं टाकून अधिकारी झोपलाय! कैदी पळाले!"

राजा आला. दार सताड उघडे होते आणि कैदी आत बसून होते.

"पळाला का नाहीत?" त्याने विचारले.

तिंबरू नावाचा म्हातारा चोर म्हणाला, "महाराज, आम्ही गेलो असतो तर आमच्या बेड्या मालकांच्या पायांत पडल्या असत्या. वज्जकदादा कडी काढून गेले, तरी आम्ही बसून राहिलो."

राजाने वज्जकालाच कोठडीत टाकले. बोधिसत्त्वाने रदबदली केली, पण राजा ऐकेना.

संध्याकाळी वज्जकापुढे पान आले. वाढायला तिंबरू होता, आणि त्याच्या घोट्यांवर वज्जकाने आवळलेल्या बेडीचे वळ होते. वज्जकाने भीतीने पान दूर सारले. तेवढ्यात बोधिसत्त्व आला, रोजच्यासारखा समोर बसला आणि त्या पानातला पहिला घास त्याने खाल्ला.

"जेव, वज्जका. चांगलं झालंय."

वज्जकाला रडू कोसळले. "मालक, तुमच्या पाया पडणारे तेवढे मला दिसले. हा घास रोज डोळ्यांसमोर असून कधी दिसला नाही." मग तो जेवला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सोबत्याच्या मानसन्मानावर झुरणाऱ्या एका भिक्षूकडे पाहिले. "तेव्हाचा वज्जक हा भिक्षू, राजा म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि तो अधिकारी मीच होतो."

भिक्षूने मान खाली घातली. आपल्यावर जळणाऱ्यालाही निर्धास्त करणे, ही मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीभावाची परिपूर्णता.