बुवांवरचा महाभियोग

“...पण मग चुकलेल्या माणसाला काढता का येत नाही, बुवा?”

हसबनीस सरांनी हे विचारलं तेव्हा बुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

मांजरा नदीच्या काठावरचा आमचा मठ लहान. राहणारी माणसं नऊ, त्यात बुवाही आले. त्यांना सगळे गंभीरबुवा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे. माणूस दिवसभर हसत असे.

सर आयुष्यभर अमेरिकेची राज्यघटना शिकवून निवृत्त झालेले. मठात राहायला येऊन चार वर्षं झाली, पण त्यांचा वर्ग काही सुटला नव्हता. रोज संध्याकाळी ते प्रवचन करत. महिन्यापूर्वी बुवांनी ते बंद केलं.

“आता नुसतं बसत जाऊ,” एवढंच म्हणाले. कारण दिलं नाही.

तेव्हापासून सर आतल्या आत धुमसत होते. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं.

“कोणाला काढायचंय?” बुवांनी विचारलं.

“अमेरिकेच्या अध्यक्षाला. महाभियोग म्हणतात त्याला. आजवर किती वेळा प्रयत्न झाले. कधी ठराव पहिल्याच पायरीवर पडला, कधी खटल्यापर्यंत गेला. एक जण तर खटल्याआधीच राजीनामा देऊन घरी गेला. पण खटला चालवून, दोषी ठरवून, खुर्चीवरून उठवलं... असं एकदाही झालं नाही.”

“एकदाही नाही?”

“पहिल्या खटल्यात तर एका मताने हुकलं.”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“एका मताने? सांगा, सांगा.”

मग सरांनी सांगितलं, आणि खरं बोलायचं तर फार छान सांगितलं. साल अठराशे अडुसष्ट. अध्यक्षाने कायदा डावलून आपल्या एका मंत्र्याला काढून टाकलं म्हणून हा खटला. बघायला इतकी गर्दी की आत सोडायला तिकिटं छापावी लागली. सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाच्या, एका आजारी सदस्याला मतासाठी उचलून आणलेलं. एका तरुण सदस्याचं मत शेवटपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे छत्तीस. पडली पस्तीस.

गोदाक्का स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली होती. तीही ऐकत उभी राहिली.

“आणि तो अध्यक्ष गेला असता तर तिथे कोण बसणार होतं?” बुवांनी विचारलं.

“सिनेटमधलाच एक ज्येष्ठ सदस्य.”

“त्याला मत होतं?”

“होतं.”

“काय दिलं त्याने?”

“...दोषी.”

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. गोदाक्काने पाणी आणून दिलं.

सरांना हसू आलं नाही. त्यांचा आवाज चढला. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, असं ते म्हणाले. तिथे निदान सोय तरी आहे. इथे काय आहे? उद्या बुवाच चुकले तर या मठात त्यांना जाब विचारायची काही रीत आहे का?

गोदाक्काने सरांकडे डोळे वटारले.

बुवा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा नवीन खेळ सापडलेल्या पोरासारखा झाला होता.

“नाही,” ते म्हणाले. “खरंच नाही. इतक्या वर्षांत मला सुचलंच नाही. करू या. उद्याच करू.”

त्या दिवशी मठात कोणाचं कशात लक्ष नव्हतं. सरांनी आरोप तयार केले. निवृत्त तलाठी भुजंगराव कारभारी झाले, म्हणजे नावं पुकारायचं काम त्यांच्याकडे. नऊपैकी सहा जणांनी दोषी म्हटलं की बुवांनी गादी सोडायची, असं ठरलं. बुवांनी आपलं धोतर, तांब्या आणि वाती एका फडक्यात बांधून ठेवल्या. ते बोचकं बघून मला खरं वाटलं. खेळ खेळ म्हणता म्हणता आमचे बुवा जाणार होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायच्या आत सगळं गाव लोटलं. सभामंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. माणसं कठड्यावर बसली, बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. बुवा स्वतः दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात झेंडूचं फूल ठेवत होते.

“तिकीट,” ते सांगत. “हे असल्याशिवाय आत सोडत नाहीत.”

सरांनी आरोप वाचले. बुवा आरतीत उभ्या उभ्या झोपतात. थंडीसाठी मठाला मिळालेली नवी घोंगडी बुवांनी कोणाला न विचारता ऊसतोडीच्या टोळीला देऊन टाकली. तिसरा आरोप वाचताना सरांचा आवाज कापला. संध्याकाळचं प्रवचन बुवांनी कारण न देता बंद केलं.

“तिन्ही खरे आहेत,” बुवा म्हणाले.

गर्दीत कुजबूज सुरू झाली. भुजंगरावांनी घंटा वाजवली.

“आधी एक ठरवा,” बुवा म्हणाले. “मी गेल्यावर इथे कोण?”

याचा विचार कोणी केलाच नव्हता. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“सरच की,” भुजंगराव म्हणाले. “दुसरं कोण आहे?”

सरांनी नको म्हटलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

बुवांनी अंगावरची गादीची शाल काढली. आमच्या मठात ती फक्त गादीवरचा माणूस पांघरतो. चांगली जाड, जुनी शाल. बुवांनी ती सरांच्या खांद्यांवर घातली, पुढून नीट सारखी केली आणि खाली लोकांमध्ये उघड्या अंगाने जाऊन बसले.

“चालू द्या,” ते म्हणाले.

भुजंगरावांनी पहिलं नाव बुवांचंच पुकारलं. सरांनी हरकत घेतली. अध्यक्षाला आपल्याच खटल्यात मत नसतं, असं त्यांचं म्हणणं. बुवा म्हणाले, मी इथे राहतो, इथे जेवतो, मग मला मत का नाही? लोकांनी बुवांची बाजू उचलून धरली. सरांचा नाइलाज झाला.

“दोषी,” बुवा म्हणाले.

मंडपात एकच गलका झाला. गोदाक्काने कपाळावर हात मारून घेतला.

पुढचं नाव तिचंच होतं. “दोषी नाही म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. माळी सटवाजीनेही नाही म्हटलं. माझी पाळी आली. आरोप खरे होते, मला ते कळत होतं. पण मला बुवा हवे होते. मीही नाही म्हणालो.

निर्मलाताई दोषी म्हणाल्या. त्यांनी घोंगडीशिवाय पुरा हिवाळा कुडकुडत काढला होता, त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. भुजंगरावांनी आरतीचा मुद्दा धरून दोषी म्हटलं. राहिले दोघे वारंगे भाऊ.

“बुवा स्वतःच म्हणतात तर आम्ही कशाला खोटं पाडायचं?” थोरला म्हणाला. “दोषी.”

धाकट्याने नुसती मान हलवली. तोही दोषी.

पाच झाली. सहा हवी होती. उरलं होतं एकच मत.

“हसबनीस सर,” भुजंगरावांनी पुकारलं.

सगळा मंडप सरांकडे बघू लागला. कठड्यावरची माणसं उभी राहिली.

सर उठले. जड शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी दोन्ही मुठींनी गळ्याशी आवळून धरली. महिनाभर जे त्यांना हवं होतं ते आता एका शब्दावर आलं होतं. गादी त्यांची, संध्याकाळ त्यांची, समोर एवढी माणसं.

“दो...”

त्यांची नजर खाली गेली. बुवा गर्दीत मांडी घालून बसले होते. उघड्या अंगावर गारव्याने काटा आला होता त्यांच्या. पण डोळे असे लुकलुकत होते की जणू सुट्टीची घंटा आता होणार, मग होणार.

सरांनी स्वतःच्या मुठींकडे पाहिलं.

शाल सुटू नये म्हणून त्या किती घट्ट आवळल्या होत्या.

“...दोषी नाही,” ते म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की भुजंगरावांना पुन्हा विचारावं लागलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं.

आणि मग जे काही झालं! टाळ्या, शिट्ट्या, झेंडूची फुलं वर उडाली. गोदाक्का रडत होती की हसत होती, कळेना. मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. एका मताने, एका मताने, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता.

बुवा तेवढे हिरमुसले होते. बांधलेल्या बोचक्याकडे बघून त्यांनी एक सुस्कारा सोडला.

भुजंगरावांनी घंटा बडवून सगळ्यांना खाली बसवलं. ठराव मांडणाऱ्यानेच ठराव पाडला, तर कारण सांगायला हवं, ते म्हणाले. सर, बोला.

सर उभेच होते. त्यांनी शाल सोडली. ती पायाशी पडली.

त्यांनी तोंड उघडलं...

मिटलं.

पुन्हा उघडलं. चार वर्षांत ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही, त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. कोणाकडे न बघता, हात मोकळे सोडून ते नुसते उभे राहिले...

लोकांची चुळबूळ सुरू झाली. मागून कोणीतरी विचारलं, काय झालं यांना? पुढून कोणीतरी म्हणालं, अहो, बोला की काहीतरी.

बुवा झटकन मागे वळले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“श्श... ऐकू द्या. हसबनीस बोलतायत.”