घर नसलेले निळे दार

ब्राझीलच्या किनाऱ्यावर, आमच्या पेद्रा मान्सा गावच्या चौकात हे निळे दार उभे आहे. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. पाहुणे त्याला वळसा घालतात आणि हसतात. आम्ही हसू देतो, आणि मग जांदिराची गोष्ट सांगतो.

जांदिरा याच चौकात चवळीचे वडे तळायची. तिच्या खोपटाला दार म्हणून जुने मासळीचे जाळे टांगलेले असे. तिचा जीव एका गाणाऱ्यावर जडला. "जूनच्या शेकोट्यांच्या सणाला परत येतो," म्हणून तो शहरात गेला, जाताना तिच्या बापाची गिटारही घेऊन गेला. सण आले नि गेले. तो आला नाही. रेडिओवर त्याचे गाणे आले.

गाणे फार गोड होते म्हणे. लाडकीने निळे दार लावून घेतले आणि मी उंबऱ्यावर रडत राहिलो, असे त्यात होते. चोराच्या उलट्या बोंबा! पण गाव विरघळले. त्या बिनदाराच्या खोपटावरून रोज जाणारी माणसेही त्याच्यासाठी डोळे पुसू लागली. बायका जांदिराचे वडे घेईनात. अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईनेही मरताना विचारले, "पोरी, का गं हाकललंस त्याला?"

त्या प्रश्नाने जांदिरा पेटली. आईच्या मातीवर हात ठेवून तिने शपथ घेतली, की ज्या दारापाशी तो रडला ते त्याला चारचौघांत ठोठावायला लावीन. फुटक्या होडीच्या फळ्या जोडून तिने हे दार केले, निळे रंगवले, कडी बसवली आणि चौकात रोवले. गाव म्हणाले, पोरीला वेड लागले.

पुढे तो नाव कमावून सणाला आला. चौक माणसांनी भरला. गाणे निळ्या दारापर्यंत आले, तसा दारामागून आवाज आला, "रडतोस कशाला? ठोठाव की!"

लोकांना गंमत वाटली. त्यानेही हसत ठोठावले.

"कोण?"

त्याने ऐटीत नाव सांगितले.

"त्या नावाचा माणूस गेला तेव्हा माझ्या घराला दार नव्हतं. जाळं होतं. सारायला एक बोट पुरलं असतं रे! आता माझ्या बापाची गिटार खाली ठेव."

मग एकेकाला ते जाळे आठवले आणि माना खाली गेल्या. गिटार ठेवून तो निघून गेला. त्यानंतर तो कुठेही गायला बसला, की कोणीतरी टेबल ठोठावून विचारायचे, "कोण?" आणि त्याचा गळा तिथेच बसायचा. जांदिराने त्याचे गाणे संपवले, आणि तिला त्याचे जराही वाईट वाटले नाही, असे सांगतात.

म्हातारपणी तो एकदा एकटाच आला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दार ठोठावत उभा राहिला म्हणे. वळसा घालून पलीकडे जाता आले असते, पण ती हिंमत त्याला झाली नाही. जांदिरा पलीकडेच होती. तिने उघडले नाही.

आजही आमच्याकडे हरवलेल्या प्रेमाचे गाणे म्हणायचे तर आधी या दारावर ठोठावावे लागते, आणि कोणी "कोण?" विचारले तर खरे सांगावे लागते. त्या गाणाऱ्याचे नाव गावात कोणी घेत नाही. दार तर कधीच उघडले गेले नाही. पण पाहुण्यांनो, जाण्याआधी पलीकडे जाऊन आतली कडी बघा. जांदिराचा हात फिरून फिरून ती गुळगुळीत झिजली आहे.