टिंबूला बहीण हवी

एका वाटीत होतं चमचाभर दही. दह्यात होती टिंबू, दही लावणारा एक जीव. टिंबू इवलीशी. इतकी इवली, की रेवूच्या आईला चष्मा लावूनही दिसत नसे.

टिंबूला होती एक बहीण. सकाळी शेजारच्या सुलूकाकू आल्या. "जरा विरजण देता?" म्हणाल्या. चमचा आला. सुळ्ळकन! बहीण गेली सुलूकाकूंकडे.

टिंबू राहिली एकटी. वाटीच्या अगदी तळाशी.

टिंबूच्या पोटात होता एक गोफ. गोफाला दोन पदर. पदरांना मणी. लाल मण्यासमोर पिवळा. निळ्या मण्यासमोर हिरवा. मणी सगळे जड जड. म्हणून तर टिंबू तळाशी!

टिंबू म्हणाली, "गोफा, गोफा, सूट ना! एकाचे दोन हो ना! मला बहीण हवी."

गोफ म्हणाला, "आधी नवे मणी येऊ देत. मग सुटतो."

लुडुक लुडुक, लुडुक लुडुक. टिंबू गेली मण्यांकडे.

"मण्यांनो, मण्यांनो, या ना! मणी येईनात, गोफ सुटेना, मला बहीण मिळेना!"

मणी म्हणाले, "आधी दूध येऊ दे. मग येतो."

लुडुक लुडुक, लुडुक लुडुक. टिंबू गेली दुधाकडे.

"दुधा, दुधा, ये ना! दूध येईना, मणी येईनात, गोफ सुटेना, मला बहीण मिळेना!"

दूध म्हणालं, "आधी आईला ओतू दे. मग येतो."

"येतो काय? येतं म्हण!" टिंबू म्हणाली.

लुडुक लुडुक, लुडुक लुडुक. टिंबू गेली आईकडे.

"आई, आई, ओत ना! आई ओतेना, दूध येईना, मणी येईनात, गोफ सुटेना, मला बहीण मिळेना!"

आई म्हणाली, "कशी ओतू गं? रेवू कडेवरून उतरत नाही. आधी रेवूला हसू दे. आणि दूध कोमट आहे की गरम? मला मेलीला कधी कळतच नाही!"

लुडुक लुडुक, लुडुक लुडुक. टिंबू गेली रेवूकडे.

"रेवू, रेवू, हस ना! रेवू हसेना, आई ओतेना, दूध येईना, मणी येईनात, गोफ सुटेना, मला बहीण मिळेना!"

रेवूच्या डोळ्यांत मोठ्ठे थेंब. "माझी ताई शाळेत गेली. मला ताई हवी."

टिंबू जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "माझीपण बहीण गेली."

"तुझीपण?"

"माझीपण."

टिंबू चढली रेवूच्या नाकावर. लुडुक लुडुक. रेवूला झाली गुदगुली. रेवू हसली खुदकन!

टिंबू टुणकन वाटीत.

रेवू हसली, खाली उतरली. आईने दुधात बोट बुडवलं. पुन्हा बुडवलं. परत एकदा बुडवलं. मग ओतलं. दूध आलं, डुबुक डुबुक. नवे मणी आले, हलके हलके. गोफ सुटला, सर्रर्र!

एक पदर इकडे. एक पदर तिकडे. लाल मण्यासमोर पिवळा बसला. निळ्या मण्यासमोर हिरवा बसला. इकडेही बसला. तिकडेही बसला. एका गोफाचे झाले दोन. एका टिंबूच्या झाल्या दोन!

"जुनी मी!"

"चल! जुनी मी!"

"जुनी असेल ती जड. ती बुडेल. नवी असेल ती हलकी. ती तरंगेल. बघू या?"

दोघींनी अंग सैल सोडलं. एकही बुडेना. एकही तरंगेना. दोघी थांबल्या मधोमध, शेजारी शेजारी.

"अय्या! एक पदर जुना, एक पदर नवा. तुझ्यातही, माझ्यातही!"

टिंबूला आठवली सुलूकाकूंकडची बहीण. "मग तिच्यातही असेल? आपला जुना पदर?"

"असणारच!"

तेवढ्यात दार वाजलं. "रेवूऽऽ!" ताई आली.

रेवूला मिळाली ताई. टिंबूला मिळाली बहीण. आईने ठेवलं वाटीवर झाकण.

शूऽऽ! आता हलवायचं नाही हं. दही लागतंय.