मूठ कुणाची?

एका डोंगरउतारावरच्या जंगलात, जुन्या बेहड्याच्या ढोलीत, एक छोटी खार आपल्या आईबरोबर राहत असे. खार फार लाजाळू होती. कुणी समोरून आले की ती खोडाच्या पलीकडे जाई आणि तिथून एक डोळा बाहेर काढून बघत राही. त्यामुळे तिला मैत्रीण एकही नव्हती, पण जंगलात कोण कुणाशी बोलत नाही, हे मात्र तिला पक्के ठाऊक असे.

सगळ्यांत जास्त ती बघे ते झुपका मंडळाकडे. ओढ्याकाठच्या कातळावर उन्हे कलली की तीन मैत्रिणी जमत. शेकरूताईचे तांबूस शेपूट तिच्या अंगापेक्षा लांब होते. कोल्हिणीचे शेपूट भरदार होते आणि ते तिला माहीतही होते. वानरीच्या शेपटाला टोकाशी चारच केस होते, पण तिच्या नकलांवाचून कुणालाच करमत नसे, म्हणून त्या चार केसांना सगळ्यांनी झुपका मानले होते. तिघी एकमेकींची शेपटे विंचरत, खाऊ खात आणि इतक्या हसत की ते हसणे बेहड्यापर्यंत ऐकू येई.

एक दिवस शेकरूताई म्हणाली, "खोडामागे कोण आहे गं? लपायचंच असेल तर शेपूटही आत घे."

खार लाजत बाहेर आली.

"चांगला झुपका आहे की तुझा. येतेस का आमच्यात?"

खारीने विचारले, "त्यासाठी काय करावं लागतं?"

"काही नाही. फक्त एक मूठ चारोळ्या. आत येताना सगळ्यांनीच दिल्यात."

एक मूठ म्हणजे काहीच नाही, असे खारीला वाटले. मूठ कुणाची, हे विचारायचे मात्र राहून गेले.

मुलांनो, मंडळात मूठ धरली जाई ती शेकरूताईची. तिची एक मूठ भरायला खारीला आपल्या पाच-सहा मुठी ओताव्या लागल्या. त्या चारोळ्या तिने ढोलीतून आणल्या होत्या. आईने त्या पावसाळ्याच्या बेगमीसाठी साठवल्या होत्या. आईला लवकरच पिल्ले होणार होती. पाऊस लागल्यावर तिला ढोली सोडून लांब जाता येणार नव्हते, आणि तेवढ्या साठ्यावरच सगळ्यांना दिवस काढायचे होते. "एवढ्याने काय होतंय," खार स्वतःशी म्हणाली.

पुढचे दिवस खारीच्या आयुष्यातले सर्वांत मजेचे होते. ती मोठ्याने हसायला शिकली. वानरीने तिची नक्कल केली तेव्हा तिला राग आला नाही, उलट आपलीही नक्कल होते याचा आनंद झाला. पण मंडळात 'फक्त' हा शब्द फार होता. शेपूट धुवायला रिठे हवेत, ते रानकोंबडी पलीकडच्या डोंगरावरून आणते, तिला फक्त एक मूठ द्यायची. सगळ्यांच्या शेपटांत बहाव्याचे पिवळे घोस एकसारखे दिसले पाहिजेत, ते धनेश तोडून देतो, त्याला फक्त एक मूठ. शेकरूताईचा वाढदिवस आला, तेव्हाही फक्त एक मूठ. दर वेळी खार ढोलीच्या मागच्या बाजूने आत शिरे आणि दर वेळी तिला थोडे अधिक खोल हात घालावा लागे.

मग एक दिवस कोल्हीण म्हणाली, "उद्या खाऊचा नंबर खारीचा. बघू बाई, काय थाट करते ते."

त्या संध्याकाळी खार ढोलीच्या दाराशी बसली होती. आई तिच्याजवळ आली आणि तिने चारोळ्यांचा लहानसा ढीग तिच्यापुढे सारला.

"उद्या तुझा नंबर ना? हे ने."

"तुला कसं कळलं?"

"झोपेत बडबडतेस तू. आणि ढोली माझीच आहे, बाळा. साठा किती उतरला ते मला दिसतं." आई हसली. "पण तुझ्या तोंडून मैत्रिणी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. म्हणून काही बोलले नाही."

खारीने आत डोकावले. साठ्याचा कोपरा स्वच्छ रिकामा होता. आईच्या बसायच्या जागेजवळ मात्र झाडाची कुरतडलेली साल पडली होती.

"आई, तू साल खातेस?"

"हल्ली बरी लागते मला," आई दुसरीकडे बघत म्हणाली. "डोहाळे असतात असले."

खारीने तो ढीग एकेक दाणा करून परत कोपऱ्यात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कातळावर गेली, ती मूठ घट्ट मिटून. वानरीने नाक पुढे केले. "काय आणलंस? वास तर काहीच येत नाही."

"आमची खार हुशार आहे," कोल्हीण म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

खारीने मूठ उघडली. तिच्या इवल्या पंजात चार चारोळ्या होत्या.

"माझ्या आजच्या जेवणातल्या एवढ्याच आहेत," ती म्हणाली. "बाकीच्या आईच्या होत्या. मला मंडळ परवडत नाही." तिचा आवाज इतका बारीक होता की ओढाच मोठ्याने बोलत असल्यासारखा वाटला.

"परवडत नाही, तर तेव्हाच सांगायचं," कोल्हीण फणकाऱ्याने म्हणाली. "आम्ही काय ओढून आणलं होतं?" आणि शेपूट झटकून ती निघून गेली.

खारही वळली. तेवढ्यात वानरीने तिच्या शेपटाचे टोक धरले.

"थांब गं. माझ्या नंबराला मी मामीकडून उसन्या आणल्या होत्या. मामी दिसली की मी अजून झाड बदलते."

दोघींनी शेकरूताईकडे पाहिले. ती आपले लांबलचक शेपूट उगाच कुरवाळत होती.

"माझं घरटं अर्धंच राहिलंय," ती हळूच म्हणाली. "सगळा वेळ चारोळ्या शोधण्यात जातो. मला वाटायचं, खाऊ कमी पडला तर तुम्ही यायच्या नाहीत."

"खाऊसाठी कोण येतंय?" वानरी म्हणाली. "आम्ही तुझं शेपूट ओढायला येतो."

तिघींनी एकेक चारोळी खाल्ली आणि चौथी कोल्हिणीसाठी कातळावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात अंगतपंगत सुरू झाली. जिच्या घरी जे असेल ते तिने आपल्याच मुठीत आणायचे, मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे. वानरी कोवळा पाला आणी. शेकरूताई आंबा आणी. खार कधी दोन चारोळ्या आणी, तर कधी नुसतीच येई, आणि तिला कुणी काही विचारत नसे. काही दिवसांनी कोल्हीण करवंदांची डहाळी तोंडात धरून आली.

"इकडूनच चालले होते," ती म्हणाली.

"तुझी चारोळी ठेवली होती गं," वानरी म्हणाली, "पण ती मुंगीने नेली. तिला झुपका नाही, तरी."

कोल्हिणीला हसू आवरले नाही.

चारोळीचा हंगाम अजून सरला नव्हता. ज्या उंच फांद्यांवर जायला छोट्या खारीला भीती वाटे, त्या शेकरूताईने हलवून दिल्या. वानरीने दाणे वेचले, निम्मे वाटेत सांडले, ते कोल्हिणीने तिला शिव्या देत गोळा केले. पाऊस लागायच्या आत ढोलीचा कोपरा पुन्हा भरला.

पहिली मूठ खारीने आईपुढे धरली आणि विचारले, "साल हवी का आज?"

आईने चारोळ्यांकडे पाहिले, मग खाली उभ्या राहून माना वर करून बघणाऱ्या तिघींकडे पाहिले.

"नको," ती म्हणाली. "संपले माझे डोहाळे."

तात्पर्य : जिथे आपली लहानशी मूठ न लाजता उघडून दाखवता येते, तीच मैत्री परवडते.