धुरपाआजीच्या ठेंगण्या पायऱ्या

कडेवाडीत नळ तर सोडाच, विहीरसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावाला पाणी एकच, कड्याखालचा झरा. बाया कातळाला बोटं रोवत खाली उतरायच्या आणि भरली घागर डोक्यावर घेऊन, जीव मुठीत धरून वर यायच्या.

त्या गावात धुरपाआजी एकटी राहायची. घरोघरी जात्यांना टाकी लावायची, म्हणजे झिजलेलं जातं ठोकून पुन्हा खरखरीत करायची. कुणाच्या दारी फुकट जेवली नाही, कुणाचं जुनेर अंगाला लावलं नाही. तिची एकुलती लेक त्याच कातळावरून घसरून गेली होती. मागं राहिलेली नात हौसा आजीनंच वाढवली आणि गावातच दिली.

पुढं हौसाला दिवस गेले. आजी म्हणाली, "तुझं पाणी मी आणीन."

हौसा हसली. "आणि तू गेल्यावर गं, आजी?"

आजी दुसऱ्या दिवशी हातोडा आणि टाकी घेऊन कड्यावर गेली.

पाटलांनी मदतीला चार गडी पाठवले. त्यांनी दिवसभर खपून तीन पायऱ्या खोदल्या. हौसानं पहिल्या पायरीवर पाय टाकला तर गुडघा पोटाला लागला. आजी कडाडली, "मेल्यांनो, पोटुशी बाई चढणार आहे, घोडा नाही! व्हा घरी."

पाटील म्हणाले, "म्हातारे, एकटीच्यानं जन्मात होणार नाही."

"मग जन्मभर करीन."

तिनं भरली घागर हौसाच्या डोक्यावर दिली. "उचल पाऊल. ओढूनताणून नको, आपसूक उचलेल तेवढंच." तिथं गेरूची रेघ मारली. रेघेएवढीच पायरी.

असं म्हणतात, तिच्या घावानं ठिणग्यांची पाखरं उडायची. तो ठोका ऐकून सात गावांतली जाती आपोआप फिरायची म्हणे.

नववा महिना भरला, तेव्हा वरच्या पाच पायऱ्या राहिल्या होत्या. आजीच्या घशाला कोरड पडलेली पाहून हौसा कुणाचं न ऐकता पाण्याला उतरली आणि खालीच तिला कळा लागल्या. आजीनं घाईनं घाव घातला. टाकी मोडली.

तिनं कातळावर दोन्ही हात टेकले. "बाबा रे, माझी लेक घेतलीस, तेव्हा मी तुला काही बोलले नाही. आज जरा वाक."

असं म्हणतात, कातळ वाकला आणि राहिलेल्या पाच पायऱ्या त्याच्या अंगावर आपसूक उमटल्या. अर्ध्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं अर्धं नेमकं बाजारला गेलं होतं. हौसा एकेक पायरी चढून वर आली. बायांनी लुगड्यांचा आडोसा केला, आणि वरच्याच पायरीवर तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्यानंतर पंधरा वर्षं आजीनं त्याच पायऱ्यांवरून स्वतःचं पाणी स्वतः आणलं.

आता घरोघरी नळ आहेत. तरी चैत्रात एक दिवस कडेवाडीत नळ सोडत नाहीत. त्या दिवशी झऱ्याचं पाणी पुरुषांनी भरायचं. पायऱ्या त्यांच्या पायांना ठेंगण्या पडतात, पावलं अडखळतात. वर बसलेल्या बाया ओरडतात, "सावकाश, भावजी! आजीनं तुमच्यासाठी नाही खोदल्या!"

पहिली घागर कुणी आपल्या घरी नेत नाही. ती गावातल्या पोटुशी बाईच्या दारात उतरते. तशी कुणी नसेल, तर सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या दारात. घागर उतरवणारा फक्त एवढंच म्हणतो, "आजीनं पाठवलंय."