सशांच्या पावलाची जागा

फार पूर्वी एका रानात पाच कळपांनी मिळून कायदा केला होता. तो बदलायचा तर आधी सभेत ठराव मंजूर व्हावा लागे, मग प्रत्येक कळपाने तळ्याकाठच्या चिखलात संमतीचं पाऊल उमटवावं लागे. ज्यांनी ठराव मांडला त्यांचं पाऊल सर्वांत शेवटी, अशी रीत होती.

पाणवठ्यावर शिकार होऊ नये, असा ठराव सशांनी मांडला. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. सावळी नावाच्या हरिणीने त्याच संध्याकाळी आपल्या कळपाचं पाऊल उमटवलं. रानडुकरं मात्र आपसात भांडत बसली. मोरांना नवी पिसं फुटेपर्यंत सवड नव्हती. कोल्हे म्हणाले, "आमचा विचार चालू आहे," आणि रोज पाणवठ्यावर येत राहिले.

अखेर डुकरांची आणि मोरांची पावलं उमटली. मग कोल्ह्यांनीही हसतमुखाने आपलं उमटवलं. सावळी आनंदाने सशांना बोलवायला धावली. माळावरच्या झुडपांखालच्या त्यांच्या जागा तिने एकेक करून हुंगल्या. सगळ्या गार होत्या.

"कासवआजोबा, ससे उरले नाहीत," ती परत येऊन म्हणाली. "चार पावलं पुरे धरा."

पावलांची राखण करणारं कासव म्हणालं, "पोरी, कायदा पाच पावलं मागतो. पाचाची चार करायची तर तोही बदलच झाला. त्यालाही पाचच लागतील."

सावळी चिखलातल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. तिचं तहानलेलं पाडस पाण्याकडे निघालं होतं. काठावर कोल्हे बसलेच होते.