तिकडचा वाटत नाहीस

"दमलास म्हणतोस. कुठल्या भाषेत दमलास?"

अज्जांनी विचारलं आणि रेवणसिद्धने त्यांच्याकडे बघितलं.

प्रश्न थट्टेचा नव्हता. अज्जा थट्टा करताना डोळे बारीक करत. आता डोळे उघडे होते आणि त्यांना उत्तराची घाई नव्हती.

मठ लहानसा होता. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, बोरी नदीच्या काठाला. पुढे ओवरी, मागे दासोहाचं, म्हणजे अन्नदानाचं, स्वयंपाकघर, अंगणात एक कडुलिंब. आल्यागेल्याला तिथं भाकरी मिळे. मठाच्या स्वामींचं नाव लोक केव्हाच विसरले होते. कानडीत आजोबाला अज्जा म्हणतात. तेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं.

रेवणसिद्ध हत्तुरे शेजारच्या गावचा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि आता पुण्याला विद्यापीठात भूगर्भशास्त्र. भर सत्रात, घरीसुद्धा न जाता, तो बॅग आणि अंथरुणाची वळकटी घेऊन थेट मठात आला होता.

"वळकटीसकट आलास," अज्जा म्हणाले.

"परत जायचं नाही, अज्जा."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"हं..."

मग त्याने सगळं सांगितलं. सांगतानाही तो दमत होता.

होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या दिवशी कुणीतरी हाक मारून विचारलं होतं, काय करतोयस रे? तो म्हणाला, "जेवलालो की." सोलापूरकडे 'जेवतोय'ला असंच म्हणतात. टेबलावर हसू फुटलं. एकाने ते पुन्हा म्हणायला लावलं, दुसऱ्याने गाण्यावर बसवलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'लालालाल' पडलं.

पोरं वाईट नव्हती. तेच तर अवघड होतं. कुणी शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. ही पोरं त्याला नाटकाला न्यायची, आपला डबा पुढे करायची, आणि लालालाल म्हणायची.

रेवणसिद्धने मनावर घेतलं. पोरगा हुशार होता, आणि हट्टी. कानडी घरातला म्हणून त्याची चहा 'आली' असायची आणि तो भाकरी 'खाल्ला' असायचा. ते त्याने एकेक करून वेचून काढलं. बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा फिरवायचं, घासायचं, मग बाहेर काढायचं. ही मुलं लहानपणी जे सिनेमे बघत वाढली होती, ते त्याने एकट्याने, कानात वायर घालून, अभ्यासासारखे बघितले. कुठल्या विनोदाला किती हसायचं हेही शिकला. आधी त्याचं हसू सगळ्यांच्या मागून यायचं. पुढे पुढे बरोबर यायला लागलं.

वर्ष सरलं तसं लालालाल मागे पडलं. आता तो 'रेव' झाला होता.

"मग?" अज्जांनी विचारलं. "जमलं की."

"जमलं ना! तेच सांगतोय."

यंदा वर्गाची सहल कोकणात गेली, खडक बघायला. बसमध्ये इरावती नावाची मुलगी शेजारी बसली होती. बोलता बोलता गाव निघालं. ती चकित झाली. "तू अक्कलकोटचा? सोलापूरकडचा? वाटतच नाहीस अजिबात!"

तो म्हणाला, "थँक्स."

पदक मिळाल्यासारखं वाटलं त्याला. बस उतरून सगळे समुद्रालगतच्या काळ्या कातळावर गेले. नमुना काढायला त्याने हातोडी उगारली, आणि ती नेमकी अंगठ्यावर बसली.

"तोंड उघडलं, अज्जा," तो म्हणाला. "पण आत काही सापडेना. घरच्या कानडीत अव्वा म्हणू? आई गं म्हणू? की ती पोरं म्हणतात तसं इंग्रजीतलं काहीतरी? ठरवेपर्यंत ओरडायची वेळ निघून गेली. मी तोंड मिटून उभा राहिलो."

शेजारचा म्हणाला, "रेव, काय सहनशक्ती आहे रे तुझी!"

त्यानंतर त्याला सकाळी उठवेना. ताप नव्हता, दुखत नव्हतं. पण अंथरुणातून उठायचं म्हणजे पहिलं वाक्य जुळवायचं, आणि ते त्याच्याने होईना.

अज्जांनी त्याचा हात ओढून घेतला. काळंनिळं नख न्याहाळलं.

"येईल नवं," म्हणाले.

"अज्जा, मला इथंच ठेवून घ्या." त्याने हात सोडवून त्यांचे पाय धरले. "मला कावी द्या."

कावी म्हणजे भगवं वस्त्र. ते एकदा अंगावर आलं की घरदार सुटलं.

"इथं काय आहे तुझं?"

"इथं कुणासारखं वाटावं लागत नाही."

अज्जांनी आपले पाय सोडवून घेतले. त्यांचं वय झालं होतं. मठाला वारस नव्हता. गावातली जाणती माणसं दर सणाला त्यांच्या मागे लागत, एखादा चेला बघा म्हणून. आणि इथं शिकलासवरलेला पोरगा आपल्या पायांनी चालत आला होता. दुसरा कुणी असता तर त्याने देवानेच धाडला म्हणून नारळ फोडला असता.

"उद्या सोमवार," अज्जा म्हणाले. "लोक येतील. माझी पाठ धरलीय. गादीवर तू बस."

"मी?"

"मी आत पडतो. तू बस."

सकाळी त्यांनी आपली भगवी शाल स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर घातली, कपाळाला विभूती ओढली. ओवरीत आलेल्या लोकांना सांगितलं, "आज हा ऐकेल तुमचं." आणि पाठीवर हात ठेवून, सावकाश, आत निघून गेले.

पहिली बाई पाया पडली तेव्हा रेवणसिद्धने पाय मागे घेतले. ती गोंधळली. दुसऱ्या वेळी त्याने पाय तसेच राहू दिले.

त्याला कळत गेलं. पाठ भिंतीला टेकवायची नाही. खाज सुटली तरी खाजवायचं नाही. फार बोललं की लोकांची नजर हलते. थोडं बोललं की स्थिर होते. आवाज पोटातून काढला तर शेवटचा शब्द जरा लांबवता येतो. कुणी रडलं की लगेच बोलायचं नाही. आधी डोळे मिटायचे.

या कामात त्याचा हात बसलेला होता. नवी भाषा तो अशीच शिकला होता. ऊन चढेपर्यंत तो तयार झाला.

एक म्हातारा आला, घोंगडं खांद्यावर टाकलेला. त्याचा नातू पुण्यात शिकत होता.

"पोरगं फोनवर बोलतच नाही, स्वामी. पहिल्यासारखं. हं, हं करतंय आणि ठेवतंय. रागावलंय का म्हणून विचारलं, तर नाही म्हणतंय. काय झालं असेल?"

रेवणसिद्धच्या ओठांवर आलं होतं. आजोबा, तो रागावलेला नाही. तो आधी मनात जुळवतोय, आणि जुळेपर्यंत तुम्हीच फोन ठेवताय. पण ते बोलणं हत्तुऱ्यांच्या पोराचं होतं, गादीचं नव्हतं. त्याने डोळे मिटले.

"शांत राहा," पोटातल्या आवाजात तो म्हणाला. "वेळ आली की बोलेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. पाया पडला. जाताना दाराशी थांबून एकदा मागे बघितलं, जसं काही विचारायचं राहिलं होतं... आणि गेला.

त्याच्यामागून दोन बायका आल्या. आशीर्वाद घेऊन उठल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, आणि हळू म्हणाली तरी ते ओवरीभर ऐकू गेलं:

"हत्तुऱ्यांचा पोरगा ना गं हा? वाटतच नाही. अगदी स्वामी!"

पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवायला उचललेला रेवणसिद्धचा हात तसाच वर राहिला.

त्या माणसाला वाटलं, हीही काही रीत असेल. तो वाकलेलाच राहिला.

दिवस कलला, माणसं पांगली. रेवणसिद्ध उठला. खांदे दुखत होते, जबडा दुखत होता. शाल हातात घेऊन तो मागच्या पडवीत आला.

अज्जा भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून बसले होते. अंगात विटकी बंडी. पुढ्यात सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. एक फोडून तोंडात टाकत होते, टरफलं शेजारी पडत होती.

रेवणसिद्धने शाल त्यांच्याजवळ ठेवली.

"अज्जा... हे तर तेच आहे."

"हं."

"तिथलंच. तसंच्या तसं."

"हं."

"तुम्ही रोज कसं करता?"

अज्जांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. तो त्यांनी अंगणात भिरकावला.

"माझा बाप दुसऱ्यांची मेंढरं राखायचा," ते म्हणाले. "माझं सगळं बोलणं मेंढरांशी. इथं आणून बसवलं तेव्हा मला खोकायचंसुद्धा माहीत नव्हतं."

"खोकायचं?"

"रानात माणूस खोकतो तसा खोकलो की ओवरी हसायची. स्वामीसारखं खोकायला शिकलो. नदीकाठी जाऊन."

रेवणसिद्धला हसू आलं. ते अर्ध्यात थांबलं.

"मग पुढे सवय झाली?"

"शालीला झाली."

"आणि तुम्हाला?"

अज्जा शेंगा फोडत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात नागम्मा आली. दासोहाची भाकरी थापून तिचे केस पिकले होते. अज्जा या मठात आले तेव्हाही चुलीपुढे तीच होती. तिने पडवीतला पसारा बघितला आणि तिचं डोकं फिरलं.

"टरफलं खाली टाकू नको म्हणून किती सांगायचं? आत्ता झाडलंय मी! हात मोडलेत का तुझे? उचल आधी, मल्ल्या!"

रेवणसिद्ध दचकला. अज्जांना अरेतुरे करताना त्याने कुणाला ऐकलं नव्हतं.

अज्जांनी मुकाट्याने पाय आवरले. वाकून, कण्हत, टरफलं गोळा करून सुपात भरली. नागम्मा ती संपेपर्यंत कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मग सूप हिसकावून आत गेली.

अज्जांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं.

"मल्ल्या कोण, अज्जा?"

"होता एक," ते म्हणाले. "तिला तेवढा आठवतो."

त्या संध्याकाळी रेवणसिद्धने कावीचा विषय काढला नाही. अज्जांनीही काढला नाही. नागम्माने त्याच्या ताटात भाकरी टाकली, वर शेंगांची चटणी आणि तेल, आणि तो सवयीने "थँक्यू" म्हणाला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचे कान तापले.

"काय म्हणालास?"

"काही नाही, अव्वा."

"मग खा."

तो पोटभर जेवला आणि आडवा होताच झोपला.

सकाळी त्याने कुणी न सांगता वळकटी बांधली. आधी घरी जायचं, आईला तोंड दाखवायचं, मग पुण्याची गाडी. अज्जा त्याला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. पाठ खरंच धरलेली होती. काठी टेकत, वाकून, मध्येच थांबून श्वास घेत ते चालत होते.

वाटेत शेतावर निघालेल्या बायका भेटल्या. त्या दिसताच अज्जांची पाठ ताठ झाली. काठी हातात नुसती नावाला राहिली. बायका पाया पडल्या. "कल्याण असो," अज्जा पोटातल्या आवाजात म्हणाले, शेवटचा शब्द जरा लांबवून. बायका समाधानाने पुढे गेल्या.

त्या वळणाआड होताच पाठ पुन्हा वाकली. काठीवर भार आला.

रेवणसिद्ध बघत होता. त्याने त्यांचा दंड धरला. अज्जांनी धरू दिला. दोघं तसेच फाट्यापर्यंत गेले.

लांबून एसटीचा धुरळा दिसायला लागला.

"अज्जा," तो म्हणाला, "तिथंही सोंग. इथंही सोंग."

"हं."

"मग मी परत का जायचं?"

एसटी येऊन थांबली. कंडक्टरने अज्जांना बघून खिडकीतूनच हात जोडले. अज्जांनी पाठ ताठ करून त्याला आशीर्वाद दिला, वळकटी उचलून रेवणसिद्धच्या हातात दिली, आणि तो चढल्यावर दार लागता लागता म्हणाले,

"तिथं सुट्टी असते."